पहिली इंग्रजी कादंबरी: शब्द किती, कुठले आणि कसे

मी पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर आमची शाळा संपली होती. बारावीच्या सुट्टीत फुटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वीस रुपयांना आणली, शेजारी डिक्शनरी उघडून ठेवली आणि अडलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत निघालो. चौदाव्या पानावर थांबलो. पानावर छापील अक्षरांपेक्षा माझंच अक्षर जास्त झालं होतं, आणि गोष्टीत काय चाललंय असं कुणी विचारलं असतं तर मला एक वाक्य धड सांगता आलं नसतं.

ती कादंबरी मी आजतागायत पूर्ण केलेली नाही. पण त्यानंतर बऱ्याच केल्या, आणि मराठी माध्यमातल्या काही जणांना पहिली कादंबरी पार करायला हातभारही लावला. त्यातून जे जमलं ते इथे क्रमाने सांगतो. सगळी उदाहरणं एकाच पुस्तकातली घेतली आहेत, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. पुस्तक आहे जॉर्ज ऑर्वेल यांचं 'ॲनिमल फार्म'. 1945 साली आलेलं, दहा प्रकरणांचं, सुमारे 30,000 शब्दांचं. लेखकाचा जन्म 1903 मध्ये आपल्या बिहारातल्या मोतिहारीचा आणि मृत्यू 1950 चा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्व हक्क राहतो, त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक इथे कुणालाही छापता येतं. म्हणूनच ते स्वस्तात मिळतं. भाषा सरळ आहे, वाक्यं आटोपशीर आहेत, आणि मुख्य म्हणजे सगळी गोष्ट एका शेतावर घडते. आपल्याकडच्या वाचकाला याचा केवढा फायदा होतो ते पुढे येईलच.

आधी मोजणी

पुस्तक विकत घेण्याआधी किंवा वाचनालयातून घरी नेण्याआधी मधलं कुठलंही एक पान उघडा. पहिलं नको, पहिलं पान नेहमीच अवघड जातं. ते सावकाश वाचा आणि अजिबात न कळलेले शब्द बोटांवर मोजा. माणसांची, गावांची नावं धरू नका. साधारण पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. त्यात पाच-सहा अडले, तर बिनधास्त सुरू करा. दहा-पंधरा अडले, तर खाली सांगितलेल्या पद्धतीने पुस्तक पार होईल, पण घाम निघेल. वीसच्या वर गेले तर पुस्तक तूर्त कपाटात.

हा आकडा मी मनाने काढलेला नाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी यावर बरंच काम केलंय. मदतीशिवाय कादंबरी वाचायची तर शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात, असा त्यांचा हिशोब आहे. शब्दकुटुंब म्हणजे हॅपी, अनहॅपी, हॅपिली, हॅपिनेस हे सगळं मिळून एक. आठ हजार ऐकून पोटात गोळा येतो, कबूल. पण त्यातली सगळ्यात नेहमीची 2000 कुटुंबं एकट्यानेच कादंबरीतले 85 ते 90 टक्के शब्द व्यापतात, आणि ती बहुतेक दहावी झालेल्या माणसाला थोडीफार येतातच. उरलेल्या हजारोंपैकी कुठलीही एक कादंबरी थोडेच वापरते. तुम्हाला आत्ता फक्त तेवढे हवे आहेत. म्हणून '5000 महत्त्वाचे इंग्रजी शब्द' छापाची पुस्तकं पाठ करत बसू नका. मी एक पाठ करायला घेतलं होतं. 'ए'च्या पुढे गेलो नाही.

वीसच्या वर शब्द अडत असतील तर श्रेणीबद्ध पुस्तकं घ्या, म्हणजे मोजक्या शब्दांत पुन्हा सांगितलेल्या गोष्टी. 'ऑक्सफर्ड बुकवर्म्स'ची पहिली पायरी 400 मूळ शब्दांची, दुसरी 700, तिसरी 1000, मग 1400, 1800 आणि सहावी 2500. दोन-दोन पुस्तकं वाचून वर चढत जा. पोराटोरांची पुस्तकं म्हणून नाक मुरडू नका. ही पद्धत रुजवणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे मोठं नाव, आणि त्यांचं काम उभं राहिलं ते 1920 च्या दशकात ढाक्यात, बंगाली मुलांना शिकवण्याच्या अनुभवातून. मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी पाठांतले क्वचित भेटणारे शब्द काढून त्यांच्या जागी नेहमीचे शब्द घातले. पुढे 1953 मध्ये त्यांनी सुमारे 2000 शब्दांची जी यादी छापली, तिच्यावर आजही लोक काम करतात.

कादंबरीचं गाव आधी बघून या

प्रत्येक कादंबरीचं एक गाव असतं. समुद्रावरची गोष्ट असेल तर शीड, नांगर, वल्ही. कोर्टातली असेल तर वकील, साक्ष, जामीन. पुस्तक कशाबद्दल आहे हे मागच्या कव्हरवरून कळतंच. वाचायला बसण्याआधी त्या गावातले तीसेक शब्द गोळा करा. त्याहून जास्त नकोत, नाहीतर तीच एक परीक्षा होऊन बसते.

'ॲनिमल फार्म'साठी मी हे पहिल्यांदा केलं ते गावाकडच्या एका मुलासोबत. त्याला वाटत होतं, आपल्याला यातलं काही येत नाही. मी इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचो, म्हणजे ती वस्तू कशी दिसते ते. आणि मराठी शब्द त्याच्या तोंडून यायचा. 'ट्रॉफ', जनावरांना पाणी पाजायचं लांबट भांडं: "डोण." 'हॉल्टर', जनावराच्या तोंडावरून बांधायची दोरी: "म्होरकी." 'ब्लिंकर्स', घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला लावतात ती: "झापडं." 'फोल', घोडीचं पिल्लू: "शिंगरू." 'कड', गाय खाल्लेलं पुन्हा चघळते ते: "रवंथ." आणि 'नोजबॅग', घोड्याच्या तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी. इथे तो थांबला आणि मग हसत म्हणाला, "तोबरा!" तोबरा भरणं आपण रोज म्हणतो, पण मूळ तोबरा हाच, हे मलाही तेव्हाच लख्ख दिसलं.

हा मुलगा पुण्या-मुंबईत वाढलेल्या कितीतरी इंग्रजी माध्यमवाल्यांच्या पुढे होता. त्यांना 'हॉल्टर' वाचता येईल, पण म्होरकी कुणी पाहिलेली असते? वस्तू डोळ्यांपुढे असली की शब्द चिकटायला वेळ लागत नाही.

सगळेच शब्द असे एकास एक बसत नाहीत. 'बार्न'ला डिक्शनरी कोठार म्हणते, पण या पुस्तकातला 'बार्न' एवढा मोठा आहे की शेतावरची सगळी जनावरं आत सभेला बसतात. धान्य, गवत आणि वेळप्रसंगी गुरं, सगळ्यांना पुरेल असं ते उंच छपराचं आवार. 'हे' म्हणजे कापून वाळवलेलं गवत, 'स्ट्रॉ' म्हणजे धान्य झोडून उरलेलं काड. आपल्याकडे कोकणात त्याला पेंढा म्हणतील. कडबा यातला कुठलाच नाही, तो ज्वारीचा. अशा ठिकाणी मराठी शब्द ओढून-ताणून लावू नका. शब्दापुढे छोटंसं चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल.

वाचताना पेन्सिल, डिक्शनरी दुसऱ्या खोलीत

आता खरं वाचन. पहिल्याच वाक्यात 'पॉप-होल' हा शब्द येतो. मालकाने रात्री कोंबड्यांची खुराडी बंद केली, पण दारूच्या नशेत ती पॉप-होलं लावायला विसरला. इथे उठून डिक्शनरी आणली की संपलं. थोडा विचार करा: खुराड्याला असलेलं, रात्री लावायचं काहीतरी. कोंबड्या आत-बाहेर करतात ते छोटं दार, दुसरं काय असणार! एवढं कळलं की पुरे. शब्दाखाली बारीक टिंब द्या आणि पुढे चला.

नियम असा ठेवा: एक प्रकरण किंवा वीस मिनिटं, यांपैकी जे आधी संपेल तोवर डिक्शनरी बघायची नाही. मोबाइलवर तर अजिबात नाही, कारण तिथे शब्द बघायला गेलेला माणूस व्हॉट्सॲपवरूनच परत येतो. अडलेल्या शब्दाखाली टिंब. तोच शब्द पुन्हा भेटला तर दुसरं टिंब, तिसऱ्यांदा भेटला तर तिसरं. प्रकरण संपल्यावर ज्यांना तीन टिंबं पडली आहेत ते बघा. जिथे गोष्टच तुटली, कोण कुणाला काय करतंय तेच कळेना, तिथला शब्दही बघा. बाकीचे सोडून द्या. बहुतेकदा हे फुला-झाडांची नावं किंवा कपड्यांचे प्रकार असतात. कुंपणाशी कुठलं झुडूप होतं हे न कळल्याने कुणाचं काही अडत नाही.

या नियमाला एक अपवाद मी नंतर जोडला, आणि तो फसल्यामुळे जोडला. पहिल्या प्रकरणात एक म्हातारं डुक्कर भाषण करतं. त्यात 'नॅकर' हा शब्द येतो. लिहिताना सुरुवातीला 'के' असतो, उच्चारात नाही. भाषण एकूण कळत होतं, म्हणून मी टिंब देऊन पुढे गेलो. माझ्याकडच्या खिशातल्या डिक्शनरीत तो शब्द नव्हताही. मग नवव्या प्रकरणात तो परत आला, आणि असा आला की सगळी जनावरं एकदम ओरडायला लागली आणि मी मात्र कोरडा. पुस्तकातला सगळ्यात काळीज हलवणारा प्रसंग माझ्या हातून एका शब्दापायी निसटला. नॅकर म्हणजे म्हातारी, निकामी जनावरं विकत घेऊन कापणारा. मांस माणसांनी खाण्यासाठी नव्हे. हाडं, कातडं, सरस आणि कुत्र्यांचं खाणं यासाठी. खाटीक म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो.

तेव्हापासूनचा अपवाद असा: कुणी धमकी देताना, शपथ घेताना, भीती दाखवताना किंवा वचन देताना वापरलेला शब्द एकदाच आला तरी बघायचा. लेखकाने तो उगाच पेरलेला नसतो, पुढे उगवतो.

छोट्या शब्दांची मोठी डोकेदुखी

नवखे वाचक अवघड, लांबलचक शब्दांना घाबरतात. मला विचाराल तर त्यांच्याइतके गरीब शब्द नाहीत. डिक्शनरीत जा, अर्थ घ्या, परत या. खरा गोंधळ गिव्ह, टेक, पुट, मेक, टर्न, सेट या ओळखीच्या मंडळींचा. 'गिव्ह' म्हणजे देणे हे पाचवीतच शिकलो. पण 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, 'गिव्ह अवे' म्हणजे कधी देऊन टाकणे तर कधी गुपित फोडणे, आणि कुणाचे पाय 'गिव्ह आउट' झाले म्हणजे त्राण संपलं. वाक्यातला प्रत्येक शब्द येतो आणि वाक्य येत नाही, असं झालं की समजा, हेच प्रकरण आहे.

यात इंग्रजीचा काही खास दुष्टपणा नाही. आपलं 'बसणे' घ्या. घसा बसतो, विश्वास बसतो, मार बसतो, धंदा बसतो, शाळेत शिकवलेलं डोक्यात बसतं, आणि कुणी कुणाची वाट बघत बसतं. परदेशी माणसाने डिक्शनरीत 'बसणे' बघितलं तर त्याला खुर्ची दिसणार! तेव्हा अशा जोड्या सुट्या करून वाचू नका. वहीत लिहिताना दोन्ही शब्द एकत्र, एका वाक्यात लिहा आणि डिक्शनरीतही पहिल्या शब्दाखाली शेवटपर्यंत जाऊन जोडी शोधा.

तसाच एक छुपा त्रास 'वुड'चा. शाळेत तो जर-तरसाठी शिकवतात. कादंबरीत मात्र 'ही वुड सिट देअर फॉर आवर्स' असं वाक्य येतं तेव्हा त्याचा अर्थ 'तो तासन्‌तास तिथे बसायचा' असा, जुन्या सवयीचा असतो. हे एक कळलं की पानंच्या पानं सोपी होतात.

आवाजाच्या आणि चालण्याच्या क्रियापदांचा मात्र आनंद घ्या. इथे मराठी श्रीमंत आहे. 'व्हिनी' म्हणजे घोडा खिंकाळतो, 'ग्राउल' म्हणजे कुत्रं गुरगुरतं, 'मटर' म्हणजे पुटपुटणं, 'व्हिस्पर' कुजबुजणं, 'लर्च' म्हणजे झोकांड्या खाणं. पहिल्याच पानावर तो झिंगलेला मालक अंगणातून असाच जातो.

कुठली डिक्शनरी

वस्तू असेल तर इंग्रजी-मराठी बघा. डोण हा एक शब्द मिळाला की तीन ओळींचं इंग्रजी वर्णन वाचायची गरज नाही. क्रियापद, विशेषण आणि वर सांगितलेल्या जोड्या यांसाठी मात्र शिकणाऱ्यांची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या. शिकणाऱ्यांची म्हणजे 'लाँगमन'ची 1978 सालापासून निघते तशी, जिच्यात सगळे अर्थ सुमारे 2000 साध्या शब्दांत समजावलेले असतात. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेली जाडी डिक्शनरी नको. तिच्यात एका अवघड शब्दाचा अर्थ तीन अवघड शब्दांत मिळतो.

उलटा शोधही कधीकधी कामी येतो. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. शेती, जनावरं, अवजारं यांचे शब्द त्यात ओसंडून वाहतात. घरातल्या आजीचा एखादा शब्द टाकून बघा, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कळेल. वेळ मात्र जातो, आधीच सांगून ठेवतो.

लग्नपत्रिकेची कार्डं

वहीत दोन रकाने पाडून डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी यादी आपण सगळ्यांनीच केली आहे. यादीत काय होतं, तर 'फोल'च्या खाली 'कड' आहे हे लक्षात राहतं आणि अर्थ विसरतो. म्हणून कार्डं करा. आमच्याकडे लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून करतो. जाड असतात, फाटत नाहीत. एका बाजूला पुस्तकातलं मूळ वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ ओढा. मागे शब्द, त्याचा उच्चार देवनागरीत, आणि मराठी अर्थ किंवा चित्र. दिवसाला पाचच कार्डं. उत्साह आला तरी पाचच, कारण आज केलेलं प्रत्येक कार्ड पुढे चार वेळा बघायचं आहे.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. माणूस शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतो, हे जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये त्यावर खोक्यांची सोपी युक्ती सांगितली: आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, अडलेलं परत पहिल्या खोक्यात. मिठाईचे रिकामे बॉक्स चालतात. अँड्रॉइड मोबाइलवर 'अँकी' नावाचं फुकट ॲप हेच करतं, पण हाताने लिहिलेलं कार्ड मला जास्त टिकतं.

उच्चार लिहायचाच, कारण स्पेलिंगवर विसंबलात तर फसाल. शेवटी ओ-यू-जी-एच असलेले शब्द बघा: ट्रॉफ, कॉफ, प्लाउ, थ्रू, डो. एकाच शेपटीचे चार उच्चार! जमलं तर प्रकरण वाचून झाल्यावर त्याचंच ध्वनिमुद्रण ऐका, पुस्तक समोर धरून.

किती दिवस

सुरुवातीला मिनिटाला 75 शब्द हा वेग ठीक आहे. वीस मिनिटांत दीड हजार, म्हणजे 30,000 शब्दांचं पुस्तक वीस दिवसांत. आजारपण, पाहुणे, लाइट जाणं धरून महिना म्हणा. पहिली दोन प्रकरणं सगळ्यात जड जातील. लेखकाचे ठरावीक शब्द असतात आणि ते फिरून फिरून येतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून टिंबं विरळ होत जातात. तिथवर सोडू नका एवढंच.

ज्यांचा धीर सुटतो त्यांनी एक लबाडी करावी. प्रकरणात काय घडतं ते आधी मराठीत वाचून घ्यावं, किंवा वाचलेल्या माणसाकडून ऐकावं, आणि मग इंग्रजीकडे वळावं. यात लाज कसली? सिनेमाची गोष्ट माहीत असूनही आपण तो बघतोच.

पुढचं पुस्तक निवडताना घाई नको. ऑर्वेल यांचं '1984' मोहात पाडतं, पण ते बरंच जाड आणि वातावरणानेही जड आहे. त्यापेक्षा आर. के. नारायण यांचं 1935 चं 'स्वामी अँड फ्रेंड्स' घ्या. मालगुडीतली शाळा, हेडमास्तर, क्रिकेटची टीम, परीक्षेची भीती. गाव आधीच ओळखीचं असल्याने तीस शब्दांची तयारी जवळपास लागतच नाही.

त्याआधी मात्र पहिलंच पुस्तक महिन्याभराने पुन्हा काढा, या वेळी पेन्सिलीऐवजी खोडरबर घेऊन. जो शब्द आता सहज कळतो त्याखालचं टिंब खोडत चला. माझ्या प्रतीत दुसऱ्या वाचनात बहुतेक टिंबं गेली, नॅकरखालचं तर पहिल्या फटक्यात. एक अजून आहे. जनावरं जे गाणं म्हणतात त्यात 'मँगल-वर्झल' नावाची एक वस्तू येते. तिकडे गुरांना घालतात तो बीटाच्या जातीचा मोठा कंद. अर्थ तीनदा बघितला, कार्ड दोनदा केलं, आणि दर वेळी गाण्यापाशी आलो की पुन्हा विसरलेलो असतो.